तळ्यातील शिकारी मासे आणि तरत्या आमिषाचा गळ

जळगाव व धुळे या जिल्ह्यांत शेततळ्यांचा प्रसार झाल्यापासून, विशेषतः २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाल्यानंतर, केळी, कापूस व भाजीपाला यांच्या जोडीने मत्स्यपालन करू पाहणाऱ्या शेतकऱ्यांची संख्या वाढली आहे. कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली आणून पावसाळ्यात तळ्यात सोडावयाची, वर्षभर शेण, कोंडा व पेंड घालावयाची आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की जाळे ओढावयाचे, असा हा क्रम. परंतु जाळे ओढल्यावर पुष्कळदा निराशा पदरी येते. सोडलेल्या बोटुकलीपैकी मूठभर मासे हाती लागतात आणि त्यांच्या सोबतीला मांडीएवढ्या जाडीच्या दोन-चार मरळी निघतात. वर्षभराचे खाद्य कोणाच्या पोटात गेले, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

ही मरळ तळ्यात आली कोठून, असा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात. कोणी मुद्दाम सोडली असावी असा संशयही घेतला जातो व त्यावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वितुष्ट येते. वस्तुतः कोणी सोडण्याची गरज नसते. मरळीच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूस, हवेतील प्राणवायू शोषून घेणारी एक वेगळी पोकळी असते. त्यामुळे ती पाण्याबाहेर ओलाव्यात बराच काळ जिवंत राहते, आटलेल्या डबक्याच्या चिखलात तग धरते आणि मुसळधार पावसाच्या रात्री ओल्या गवतावरून सरपटत एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाते. पांझरेवरील फड पद्धतीच्या जुन्या बंधाऱ्यांमागे, गिरणा, बोरी, अनेर या नद्यांच्या डोहांत आणि तापीच्या काठच्या लव्हाळ्यांत तिचे ठाणे आहे. तेथून पाट, चारी किंवा पंपाचे पाणी यांच्यासोबत तिची पिले तळ्यात सहज शिरतात.

शिकारी मासे एका जातीचे नाहीत. साधी मरळ, तिच्याहून मोठी होणारी फूल मरळ आणि लहान चणीचा डोक हे एका कुळातले. शिवडा हा रुंद जबड्याचा, बिनखवल्यांचा मासा मोठ्या नद्यांत व धरणांत दीड मीटरहूनही लांब वाढतो. शिंगाळा तळाशी राहतो. चालट व वाम हेही मांसाहारीच. यांपैकी पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन झडप घालणारी म्हणजे मुख्यतः मरळ. शिवडाही कातरवेळी वर येतो. शिंगाळ्यासाठी तरते आमिष टाकणे म्हणजे खडकावर पेरणी करणे होय. म्हणून पुढील विवेचन मरळीपुरतेच समजावे.

मोहाची पेंड केव्हा वापरावी

बोटुकली सोडण्यापूर्वी तळे पूर्ण आटवून तळ उन्हात तडकू द्यावा, हा उपाय सर्वांत चांगला. ते शक्य नसेल तर मोहाची पेंड वापरतात. एक हेक्टर क्षेत्रात एक मीटर खोल पाणी असल्यास २,५०० किलो पेंड, असे तिचे प्रमाण आहे. तीस मीटर लांब व तितक्याच रुंद तळ्यात पाणी अर्धा मीटर उरले असेल, तर या हिशेबाने सुमारे ११२ किलो पेंड लागेल. कडा उतरत्या असल्याने प्रत्यक्षात याहून काहीशी कमी. पेंडीचा विषारी अंश दोन-तीन आठवडे टिकतो व नंतर तीच खताचे काम करते. तोपर्यंत बोटुकली सोडू नये.

मात्र हा उपाय स्वतःच्या, बाहेर पाणी न जाणाऱ्या शेततळ्यापुरताच आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांचा सल्ला घेऊनच करावा. ज्या गावतळ्यावर गुरे पाणी पितात व बाया धुणे धुतात, तेथे पेंडीचे नावही काढू नये. सुरुंगाची दारू उडवून किंवा विष कालवून मासे मारण्यास तर १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासूनच मनाई आहे. तरीही नदीच्या डोहात असे प्रकार अधूनमधून कानावर येतात, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

शिवाय एकदा बोटुकली सोडल्यानंतर पेंड उपयोगाचीच नाही. ती मरळ आणि रोहू असा भेद करीत नाही. अशा वेळी, आणि गावतळ्यात तर नेहमीच, गळाचा आश्रय घ्यावा लागतो.

मरळीची रीत

मरळीला कल्ल्यांनी घेतलेला प्राणवायू पुरत नाही. तिला ठरावीक वेळाने पृष्ठभागावर येऊन हवा घ्यावीच लागते. सकाळी वारा पडलेला असताना काठावर स्वस्थ बसून पाहिल्यास ‘डुब्’ असा आवाज होऊन पाण्यावर वलय उठते व मागे दोन-चार बुडबुडे राहतात. ते वलय कोठे उठले, हे ध्यानात ठेवावे. मरळ आपली जागा सहसा सोडीत नाही. कमळाची पाने, पाणकणसाची बेटे, शिंगाड्याचे वेल किंवा काठाची कोसळलेली कपार यांच्या सावलीत ती निश्चल राहते आणि डोक्यावरून जाणारा बेडूक, उंदराचे पिलू, टोळ किंवा लहान मासा खालून उसळी मारून गिळते. ती भक्ष्याचे तुकडे करीत बसत नाही, अख्खे गिळते. याच कारणाने नखाएवढे मत्स्यजिरे तळ्यात सोडणे म्हणजे तिला पंगत वाढणे होय. दहा सेंटीमीटरची बोटुकली सोडल्यास लहान मरळींपासून तरी तिचा बचाव होतो. एका हेक्टरला पाच हजार या प्रमाणाने वर सांगितलेल्या तळ्यास साडेचारशे नग पुरतात. थोडे पण मोठे बीज घेणे हेच शहाणपणाचे.

जिवंत बेडूक नको

जुने लोक मरळीसाठी गळाला जिवंत बेडूक लावीत. ही पद्धत आता सोडून द्यावयास हवी. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात भारत सरकारने १९८७ साली बंद केली, ती बेडूक पिकावरील किडी खातो हे जाणूनच. मोठ्या बेडकास वन्यजीव संरक्षण कायद्याचेही संरक्षण आहे. ज्या बांधावर किडीसाठी फवारणी करावयाची, त्याच बांधावरचे बेडूक पकडून गळाला लावावयाचे, यात हिशेब कोठे बसतो?

बनावट बेडूक तेच काम करतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात जेम्स हेडन नावाच्या मधमाशीपालकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकूड तासून असा बेडूक केला, आणि त्यातून पुढे तरत्या आमिषांचा मोठा धंदा उभा राहिला. आपल्याकडेही हे शास्त्र अगदी नवे नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार, त्यांची आमिषे, गळ व दोरी यांचे वर्णन केलेले आहे.

पोकळ रबरी बेडूक बाजारात मिळतो. तो दाबला गेला की चपटा होतो व पाठीवर टेकलेले गळाचे दुहेरी टोक उघडे पडते, म्हणून तो शेवाळात अडकत नाही. घरी करावयाचा झाल्यास पांगाऱ्याचे किंवा सावरीचे हलके लाकूड घ्यावे. अंगठ्याएवढी जाड व सुमारे पाच सेंटीमीटर लांब अशी गोटी तासून पोट सपाट ठेवावे. दुतोंडी गळ पोटाखालून न घेता पाठीकडे टोके येतील असा पक्का बसवावा. टोके लाकडापासून किंचितच वर राहावीत. मागील भागात शिशाचा लहानसा तुकडा ठोकावा म्हणजे तोंड वर राहते. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या कापून तंगड्या कराव्यात. रंग कोणता द्यावा यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. खालून पाहणाऱ्या माशाला आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसते ती मुख्यतः आकृती आणि हालचाल. गडद रंग बहुधा पुरेसा होतो.

चार मीटर लांबीची चिवट वेळूची काठी आणि तितकाच जाड तंगूस एवढ्यावर काम भागते. फिरकीची काठी असल्यास लांबचा पल्ला गाठता येतो. तंगूस बारीक घेऊ नये, कारण लागलेली मरळ लगेच वेलींत शिरते. बेडूक मरळीच्या डोक्यावर टाकू नये. तिच्या जागेच्या पलीकडे, शक्य तर पानावर टाकावा, तेथून हलकेच पाण्यात ओढावा, थोडा थांबवावा, पुन्हा हात-दीड हात ओढावा. काठावर पाय आपटू नये. सावलीही पाण्यावर पडू देऊ नये. झडप मोठ्या आवाजाने होते आणि नवशिका दचकून तत्काळ हिसका देतो. तेथेच मासा सुटतो. पाणी उसळल्यावर एक-दोन क्षण थांबावे, दोरीला ओढ जाणवली की मगच जोराने हिसका द्यावा व माशाला श्वास घेण्यास फुरसत न देता काठाकडे आणावे. झडप चुकली तर बेडूक जागीच डुलत ठेवावा. मरळ पुष्कळदा परतते. गळ काढण्यास पक्कड वापरावी, बोटे तोंडात घालू नयेत.

गळाने तळे शंभर टक्के निर्धोक होते, असे मात्र मानू नये. त्याला प्रामुख्याने मोठे मासे लागतात. परंतु सर्वाधिक नुकसान करणारे तेच असतात. हिवाळा सरल्यावर पाणी उतरू लागले की आठवड्यातून दोनदा, पहाटे व सायंकाळी, हा क्रम ठेवावा. धरलेली मरळ ओल्या पोत्यात जिवंत राहते, म्हणून बाजारात तिला ताजेपणाचा चांगला भाव येतो.

नदी, धरण किंवा मोठा तलाव यांची गोष्ट निराळी. तेथे मरळ ही उपद्रवी नसून भोई व कोळी बांधवांची मिळकत आहे. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिलांचा घोळका तरंगताना दिसला, तर खाली नर व मादी पहारा देत असतात. पिलांजवळ काहीही आले तरी ते त्यावर तुटून पडतात, त्यामुळे अशा वेळी गळ टाकणाऱ्याला मासा अगदी सहज मिळतो. पण आईबाप गेले की पिलांचा घोळका थोड्याच वेळात इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडतो. असा घोळका दिसताच गळ आवरून पुढे जावे. हतनूरसारख्या जलाशयात मासेमारीचे हक्क कोणाकडे आहेत याची आधी चौकशी करावी आणि संबंधितांची परवानगी घ्यावी. शिरपूर तालुक्यातील अनेर धरणाचा परिसर अभयारण्य असल्याने तेथे वन विभागाच्या परवानगीशिवाय गळ टाकता येत नाही.

शेततळ्यात पाणी घेताना पाइपाच्या तोंडाशी बारीक विणीच्या जाळीची पिशवी बांधावी व ती दर दोन दिवसांनी साफ करावी. बीज विकत घेताना ते पांढऱ्या परातीत ओतून पाहावे. त्यात मिशा असलेले पिलू आढळल्यास ते बीज घेऊ नये. आफ्रिकन मागूर पाळण्यास बंदी आहे, आणि तो एकदा तळ्यात शिरला म्हणजे तरत्या बेडकाने आवरणारा नव्हे.