ऑक्टोबर, भोपळा आणि तुमचं पहिलीतलं मूल

सप्टेंबर सरत आला की अमेरिकेत ग्रोसरीच्या दारात भोपळ्यांचे ढीग लागतात आणि किंडरगार्टन ते दुसरीच्या वर्गांत अभ्यासही भोपळ्याचाच सुरू होतो. नव्याने आलेल्या आई-बाबांना वाटतं, हॅलोविनची मौज चालली आहे. तसं नाही. गणित, विज्ञान आणि लेखन हे तिन्ही विषय या एका फळातून शिकवले जातात. ज्यांची मुलं या वर्गांतून पुढे गेली, अशा आपल्या मराठी घरांतून गोळा केलेल्या या गोष्टी.

वर्गात काय होतं ते आधी नीट समजून घ्या. भोपळ्याचा घेर नुसता बघून प्रत्येक मूल लोकरीचा तुकडा कापतं आणि मग तो भोपळ्याभोवती गुंडाळून पाहतं. कुणाचा पुरत नाही, कुणाचा वीतभर उरतो. तक्त्यावर आखूड, लांब आणि बरोब्बर असे तीन रकाने असतात, त्यांत तो तुकडा चिकटवायचा. पुढे भोपळा पाण्याच्या टबात जातो. एवढं धूड बुडणारच, असं बहुतेक मुलं ठामपणे सांगतात, आणि तो आतून पोकळ असल्यामुळे मजेत तरंगतो. शेवटी टीचर वरची टोपी कापून देतात आणि मुलं बुळबुळीत गरात कोपरापर्यंत हात घालून बिया काढतात. बिया धुऊन दहा-दहाच्या ढिगाऱ्या करायच्या, दहा ढिगाऱ्यांचे शंभर. दशक-शतक बोटांना कळतं ते इथे. मार्गारेट मॅकनमारा यांचं ‘हाउ मेनी सीड्स इन अ पम्पकिन?’ हे पुस्तक लायब्ररीतून आणून ठेवा. त्यात तीन भोपळ्यांपैकी सगळ्यात लहान भोपळ्यात सर्वांत जास्त बिया निघतात.

सगळ्या घरांनी कळकळीने सांगितलेली गोष्ट एकच: मुलाला उत्तर सांगू नका. आपल्याला बरोबर उत्तराची सवय आहे. एका आईने मुलीने बियांचा अंदाज म्हणून लिहिलेले ‘१०००’ खोडून ‘४००’ लिहायला लावलं होतं. टीचरनी चिठ्ठी पाठवली की मला तिचाच आकडा हवा आहे. अंदाज करायचा, मोजायचं, फरक किती आला ते लिहायचं, हाच धडा आहे. खोडरबर फिरला की धडाच पुसला जातो. घरी फार तर एवढंच विचारा, ‘तुला असं का वाटलं?’ आणि हे मराठीत बोललात तर फारच छान.

काही शाळा भोपळा घरी सजवून आणायला सांगतात. तो कापायचा नसतो. रंग, लोकर, कागद वापरून त्याला पुस्तकातलं एखादं पात्र बनवायचं. हे काम आई-बाबांनी रात्री जागून करू नये. डोळे वाकडे लागले तर लागू द्या. आपल्या गोष्टीतली म्हातारी इथे हमखास जमते: पांढऱ्या लोकरीचा अंबाडा आणि चष्मा. लेकीकडून धष्टपुष्ट होऊन परतणारी, भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी ही म्हातारी वर्गाला भारी आवडते, आणि गोष्ट सांगायला मूल आपणहून उभं राहतं.

मुलांना हेही सांगा की आजीच्या घारग्यांतला लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडांतलाच. मेक्सिकोतल्या ओआहाका भागातल्या एका गुहेत भोपळ्याच्या जातीच्या सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. आपल्याकडे तो आला युरोपीय जहाजांनी खंड जोडल्यानंतर.

पम्पकिन पॅचच्या, म्हणजे भोपळ्याच्या शेतावरच्या, सहलीसाठी परमिशन स्लिप वेळेत सही करून द्या. सोबत जायचं असेल तर सप्टेंबरातच नाव नोंदवा, कारण स्वयंसेवक पालकांची पार्श्वभूमी बऱ्याच ठिकाणी तपासतात आणि त्याला वेळ लागतो. शेतात चिखल असतो, सकाळी गारठा असतो. बूट जुने आणि जाकीट जाड.

शाकाहारी घरांनी टीचरना आधीच कळवावं. मोजणीसाठी कँडी कॉर्न वाटतात, त्यात बहुधा जिलेटिन असतं, मार्शमेलोतही. पम्पकिन पायमध्ये अंडं असतं. ‘आम्ही व्हेजिटेरियन आहोत’ एवढं पुरत नाही, जिलेटिन आणि अंड्याचं नाव घेऊन लिहा.

घारग्यांसाठी कोरीव कामाचा मोठा भोपळा घेऊ नका, तो पाणचट आणि रेषाळ निघतो. छोटा शुगर पम्पकिन किंवा बटरनट घ्या. घाईत डबाबंदही चालतो, पण डब्यावर ‘पाय फिलिंग’ लिहिलेलं नको. त्यात साखर-मसाले आधीच घातलेले असतात. वर्गासाठी घारगे न्यायचे मनात असेल तर टीचरना विचारून घ्या. अ‍ॅलर्जीमुळे बऱ्याच शाळांत घरचं चालत नाही, दुकानातलं पाकीटबंदच लागतं.