चित्रकला शिकून पुढे काय?
(धार-देवासच्या निमित्ताने एक हिशेब)

गेल्या उन्हाळी सुटीत मी आठ दिवस देवासला आत्याकडे होतो. माझ्या आत्येभावाने ललितकलेची चार वर्षांची पदवी घेतली आहे आणि आता त्याला ग्राफिक डिझाइनचे दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे. दुसरीकडे गावातल्याच एका फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात महिना पंधरा हजारांची नोकरी त्याच्यासाठी तयार आहे. घरात रोज तीच चर्चा. शेवटी आत्या मला म्हणाली, "तू कॉमर्सचा ना रे? मग हिशेब करून सांग. पैसा घालायचा की नोकरी धरायची?"

मी मोठ्या उत्साहाने वही घेऊन बसलो. आपल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात 'संधी खर्च' नावाची कल्पना आहे. एक मार्ग धरल्यामुळे दुसऱ्या मार्गाची जी मिळकत आपण सोडतो, तीही खर्चातच धरावी लागते. दोन वर्षांची फी, वसतिगृह, संगणक आणि शिवाय न घेतलेला पगार, म्हणजे चोवीस महिने गुणिले पंधरा हजार, बरोबर तीन लाख साठ हजार. खर्चाची बाजू तासाभरात पूर्ण झाली. जमेच्या बाजूला मात्र काय लिहावे ते कळेना. ही विद्या शिकलेली माणसे पुढे जातात कुठे? त्यांना पैसे कोण देते? हे उत्तर शोधता शोधता उरलेले सात दिवस गेले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिला गिऱ्हाईक : राजा

आपल्याकडच्या लोकांना देवास माहीत आहे ते कुमार गंधर्वांमुळे. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा कन्नड घरातला मुलगा क्षयाच्या आजारात हवापालटासाठी १९४८ साली देवासला गेला आणि कायमचा तिथलाच झाला. पण देवास आणि धार ही दोन्ही मुळात पवारांची मराठी संस्थाने. देवासच्या तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या होत्या. त्यामुळे माळव्यात आजही मराठी घरे पुष्कळ आहेत. आमच्या आत्याचे सासर त्यांपैकीच एक.

इंदूरमार्गे एक दिवस धारला जाऊन आलो. धार ही परमार राजांची राजधानी. तिथल्या परमारकालीन शिलालेखांत 'सर्पबंध' नावाचा एक प्रकार आहे. नागाच्या वेटोळ्यांत वर्णमाला आणि व्याकरणाचे प्रत्यय कोरलेले आहेत. अवघड विषय आकृतीत बसवून सोपा करणे हे ग्राफिक डिझाइनचे काम असेल, तर हा नाग त्याचा आठ-नऊशे वर्षांपूर्वीचा नमुना म्हटला पाहिजे. तो करणाऱ्याचा पोशिंदा अर्थातच राजा.

विसाव्या शतकातही धारमध्ये हीच वाट चालू होती. मुंबईला गिरगाव चौपाटीवर लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. तो करणारे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके हे वसईचे. धार संस्थानच्या आश्रयाने ते धारला आले आणि १९७२ साली वारले तोवर धारकरच राहिले. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. धारमध्ये त्यांनी विद्यार्थीही घडवले. एक मोठा आश्रयदाता, त्याच्या गावी घर आणि शिकवण्याचे काम असे त्या पिढीचे चांगले 'करिअर' होते. १९४८ साली धार आणि देवास ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि तो गिऱ्हाईकच संपला.

दुसरा गिऱ्हाईक : छापखाना आणि बाजार

इंदूरला १९२७ साली दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी कलाशाळा सुरू केली. तिच्या विद्यार्थ्यांच्या वाटा पाहिल्या तर आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. एकाच शाळेत शिकलेले तिघे पाहा.

नारायण श्रीधर बेंद्रे यांनी काही वर्षे काश्मीरच्या पर्यटन खात्यासाठी काम केले, पुढे १९५० पासून बडोद्याच्या विद्यापीठात शिकवले आणि पिढ्या तयार केल्या. पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईला जाऊन सिनेमाची मोठमोठी पोस्टरे रंगवून पोट भरत होते. नाव पुढे झाले. तिसरे विष्णू चिंचाळकर. त्यांचा जन्म १९१७ साली, तेव्हाच्या देवास संस्थानातल्या आलोटचा. कुमार गंधर्व आणि इंदूरच्या 'नई दुनिया' या हिंदी दैनिकाचे संपादक राहुल बारपुते यांचे ते जिवलग मित्र. वाळलेली पाने, काटक्या, फुटकी भांडी यांतून ते चित्रे उभी करीत आणि देवनागरी अक्षरे व अंक यांच्या चित्रांतून मुलांना लिपीची गोडी लावीत. सगळे त्यांना 'गुरुजी' म्हणत.

एकाला सरकारी खाते आणि विद्यापीठ, दुसऱ्याला सिनेमाचा बाजार, तिसऱ्याला शाळा आणि मुलांची पुस्तके. शिक्षण सारखे, वाटा वेगळ्या. मग पदवी पाहून मिळकत कशी सांगणार? इथेच माझा पहिला अंदाज चुकला होता. बी. कॉम. झालेला मुलगा बँकेत लागेल, असे आपण जसे धरून चालतो, तसे या विद्येत धरता येत नाही. इथे विचारायचा प्रश्न असा : गिऱ्हाईक कोण?

तिसरा गिऱ्हाईक : सरकार

देवासला १९७० च्या दशकात नोटा छापण्याचा सरकारी कारखाना आला. त्याला बँक नोट प्रेस म्हणतात. तिथेच नोटांना लागणारी शाईही तयार होते. आत कोणाला सोडत नाहीत, तेव्हा मी भिंत पाहूनच परतलो. पण तिथून निवृत्त झालेले एक शेजारी आत्याच्या अंगणात आले होते. त्यांनी खिशातली शंभराची नोट काढली आणि म्हणाले, "डोळे मिटून बोट फिरवून पाहा बेटा." गांधीजींच्या चित्रावर बोटाला खरखरीत लागले. ती रेघ आधी धातूच्या पत्र्यावर खोल कोरतात, त्या खोबणीत शाई भरतात आणि जबरदस्त दाबाखाली कागद त्यात बसवतात, त्यामुळे शाई कागदावर उठून राहते. अंध माणसालाही नोट ओळखता यावी आणि खोटी नोट करणे अवघड जावे, असे दोन्ही हेतू त्यात साधतात.

नोटेच्या मागच्या बाजूला एक उभी चौकट आहे. तीत पंधरा भाषांत किंमत लिहिलेली असते. चौथी ओळ कन्नडची आणि आठवी मराठीची. आपल्या या अंकात मराठी आणि कन्नड विभागांना निरनिराळी पाने आहेत. तिथे मात्र दोघी बोटभर जागेत नांदतात. इतक्या लिप्या, कोणाची वेलांटी वर, कोणाचे जोडाक्षर खाली, सगळ्या सारख्या उंचीच्या दिसाव्यात आणि तरी वाचता याव्यात. हे बसवणारा माणूस कोणी तरी चित्रकारच. नोटेवर सही गव्हर्नरांची असते, चित्रकाराची नाही. रिझर्व्ह बँक कायदा, १९३४ च्या २५ व्या कलमानुसार नोटेच्या नमुन्याला मंजुरी केंद्र सरकार देते. हे कलम वाचले की लक्षात येते, या धंद्यात काम एकाचे, मंजुरी दुसऱ्याची आणि नाव तिसऱ्याचे.

नाव राहिल्याचे उदाहरणही आहे आणि ते आपल्याच विषयातले आहे. आपण हिशेबाच्या वहीत जे ₹ चिन्ह काढतो, ते डी. उदयकुमार यांचे. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये १९६९ साली औद्योगिक डिझाइनचे केंद्र निघाले आणि तिथे १९८४ पासून दृश्य संज्ञापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. उदयकुमार मूळचे वास्तुकलेचे पदवीधर. पुढे त्यांनी या केंद्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले, तमिळ अक्षरांवर पीएच. डी. केली आणि गुवाहाटीच्या आय.आय.टी.मध्ये ते प्राध्यापक झाले. १५ जुलै २०१० रोजी सरकारने त्यांचे चिन्ह स्वीकारले. बक्षीस अडीच लाख रुपयांचे होते. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा तो मेळ आहे. म्हणजे चिन्ह साऱ्या देशाचे झाले, पण रोजची भाकरी दिली ती अध्यापनाने.

चौथा गिऱ्हाईक : पडदा आणि अक्षर

याच केंद्रात १९८३ पासून र. कृ. जोशी शिकवत होते. ते कोल्हापूरचे. जे. जे. मध्ये शिकून जाहिरातीच्या धंद्यात त्यांनी नाव मिळवले आणि मग शिक्षक झाले. संगणकावरचा 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांचा. आपल्यापैकी अनेकांनी पहिले मराठी अक्षर संगणकावर पाहिले ते त्याच टंकात. आज मुंबईची 'एकटाइप' ही मंडळी भारतीय लिप्यांचे टंक तयार करतात. त्यांच्या 'बालू' या टंकाच्या कन्नड रूपाचे नाव 'बालू तम्मा' आहे. तम्म म्हणजे धाकटा भाऊ, हे आमच्या कन्नड विभागाला सांगायला नको.

आजचे पदव्युत्तर विद्यार्थी या वाटांनी जातात : बँका आणि व्यापारी कंपन्यांच्या मोबाइलवरच्या पडद्यांची मांडणी, वेष्टने, जाहिरात, पुस्तके, रेल्वे-मेट्रो-रुग्णालयातले दिशाफलक, टंकनिर्मिती, अध्यापन आणि स्वतंत्र व्यवसाय. पडद्यांच्या कामाला आज गिऱ्हाईक पुष्कळ आहे. टंकनिर्मितीला थोडा, पण तिथे चांगले हातही थोडेच आहेत. धार जिल्ह्यातल्या बाग गावी खत्री कारागीर फिटकरी आणि अॅलिझरीनने लाल, लोखंडाच्या गंजाने काळा असे लाकडी ठशांनी कापड छापतात. अशा कारागिरांबरोबर नवे नमुने करणे हीही डिझाइनच्या पदवीधरांची एक वाट आहे.

हिशेबाचा शेवट

परतण्याच्या आदल्या रात्री वही आत्यापुढे ठेवली. तीन गोष्टी लिहिल्या होत्या.

एक. आय.आय.टी. मुंबई घेते त्या 'सीड' परीक्षेला वयाची अट नाही आणि कितीही वेळा बसता येते. बारावीनंतर तीन वर्षांची कोणतीही पदवी चालते, म्हणजे बी. कॉम. वालाही बसू शकतो. पण परीक्षा आणि प्रवेश या निराळ्या गोष्टी. प्रत्येक संस्थेच्या अटी वेगळ्या आणि पुष्कळ ठिकाणी चार वर्षांची पदवी मागतात. आत्येभावाजवळ ती आहे.

दोन. ज्या संस्थेत जायचे, तिथल्या मागच्या तुकडीतले दहा जण आज कुठे आहेत आणि त्यांना पैसे कोण देते, हे प्रवेशाआधी विचारावे. माहितीपत्रकातल्या सर्वांत मोठ्या पगारावर जाऊ नये. मधल्या माणसाचा पगार विचारावा.

तीन. कर्ज काढायचेच तर त्या मधल्या पगारातून हप्ता फिटेल एवढेच काढावे.

आत्याने वही वाचली आणि विचारले, "म्हणजे हो की नाही?" मी म्हटले, "आत्या, खर्च मला मांडता आला. जमा त्याच्या हातात आहे."

आत्येभाऊ इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "परीक्षा जानेवारीत आहे. तोवर मी फ्लेक्सच्या दुकानात जातो. फीचे थोडे तरी माझे असतील." आत्या काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याचा डबा भरताना मी तिला पाहिले.

आपल्या महाविद्यालयातही वर्गात मागच्या बाकावर चित्रे काढणारे मित्र आहेत. "याचा पुढे काय उपयोग?" असे आपण त्यांना सहज विचारतो. यापुढे विचारताना खिशातली शंभराची नोट काढून एकदा तिच्याकडे पाहावे, एवढीच विनंती.