हलका हिच घ्यायचा, पण आधी काय मोजायचं? (शेकडेवारी, भूमिती आणि ‘पाचवं चाक’)

इयत्ता : ६ वी ते ८ वी
विषय : गणित व सामान्य विज्ञान



शेकडेवारी शिकवताना नफा-तोटा, सूट, व्याज ही उदाहरणं आपण नेहमीच घेतो. आज जरा वेगळं उदाहरण घेऊ. अमेरिकेत बरीच कुटुंबं सुट्टीत चाकांवरचं घर ट्रकमागे ओढत फिरायला जातात. आत झोपायची खोली, ओटा, न्हाणीघर, सगळं असतं. असं घर आखूड हौद्याच्या पिकअप ट्रकला जोडायचं, तर जोड म्हणजे ‘हिच’ कोणता घ्यायचा? दुकानात हलका हिच दिसला की तोच घ्यावासा वाटतो. पण त्याआधी दोन मोजमापं करावी लागतात. ती चुकली तर केबिनची मागची काच फुटते, किंवा अख्खं कुटुंब घेऊन ट्रक क्षमतेपेक्षा जास्त भाराने घाट उतरतो. म्हणून मुलांना हे गणित खरं वाटतं.

पाचवं चाक म्हणजे काय?

पूर्वीच्या घोडागाडीत पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवं गोल कडं बसवत. धावणारी चाकं चार, आणि हे आडवं कडं पाचवं. घोडे गेले, नाव राहिलं : फिफ्थ व्हील.

आपल्या मुलांनी ही वस्तू पाहिलेली असते. हायवेवर कंटेनरचा ट्रेलर सुटा करून नुसतं पुढचं इंजिन उभं असेल, तर त्याच्या पाठीवर ग्रीसने माखलेली, मागून खाच असलेली जाड लोखंडी ताटली दिसते. ट्रेलरखालची किंगपिन त्या खाचेत शिरते आणि आतला जबडा तिला पकडतो. अमेरिकेतल्या पिकअपच्या हौद्यात याच जोडाची लहान आवृत्ती बसवतात.

तो हौद्यात, मागच्या आसाच्या वर किंवा किंचित पुढे का बसवायचा? इथे बैलगाडी आठवा. ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. ट्रकमध्येही भार मागच्या आसाच्या फार मागे पडला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगवरचा ताबा कमी होतो.

पहिलं मोजमाप : भार

ट्रेलरच्या एकूण वजनाचा काही भाग किंगपिनवरून थेट ट्रकवर येतो. तो साधारण १५ ते २५ टक्के असतो. अमेरिकेतल्या ट्रकच्या ड्रायव्हरकडच्या दाराच्या खांबावर एक लेबल असतं. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल, ते त्यावर किलो आणि पौंडात लिहिलेलं असतं. जाहिरातीत ‘इतके टन ओढतो’ असं लिहितात, तो आकडा वेगळा. ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं, हे मुलांना आधी स्पष्ट करा.

आता उदाहरण (आकडे वर्गासाठी घेतलेले) :

लेबलवरची मर्यादा : ८०० किलो
कुटुंबातली माणसं : २२० किलो
भरलेला ट्रेलर २७०० किलो, त्याचे २० टक्के : ५४० किलो
उरले : ८०० – २२० – ५४० = ४० किलो

या ४० किलोत हिच बसला पाहिजे, कारण हिचचं वजनही ट्रकच्याच पाठीवर. पोलादी हिच ७० किलोचा असेल तर ३० किलो जास्त होतात. ॲल्युमिनियमचा हिच १६ किलोचा असेल तर २४ किलो शिल्लक राहतात. एवढ्या वजनाचे हिच खरोखर मिळतात. म्हणजे इथे हलका हिच कामाला आला. पण थांबा, पुढचा प्रश्न विचारा.

घरातल्यांनी जड सामान ट्रेलरच्या अगदी पुढच्या कप्प्यात भरलं आणि पिनवरचा भार २० टक्क्यांवरून २२ टक्के झाला, तर? २७०० चे २ टक्के म्हणजे ५४ किलो. आणि हलका हिच घेऊन आपण वाचवले किती? ७० – १६ = ५४ किलो! सगळी बचत सामान रचण्यात गेली. मुलं इथे हमखास दचकतात. म्हणून २० टक्के हा फक्त अंदाज धरायचा. ट्रेलर भरल्यावर वजनकाट्यावर खरा आकडा घ्यायचा.

ट्रेलर ३५०० किलोचा असेल तर २० टक्क्यांनीच ७०० किलो होतात. ८०० – २२० – ७०० = –१२०. हिच कागदाचा केला तरी हे गणित जमणार नाही. ट्रेलर लहान घ्यायचा किंवा ट्रक मोठा.

दुसरं मोजमाप : वळण

पिकअपचा लांब हौदा साधारण ८ फुटांचा असतो. आखूड हौदा साडेसहा फूट किंवा त्याहूनही कमी. हौदा आखूड असला की मागचा आस केबिनच्या जवळ येतो, आणि त्याबरोबर हिचही.

समजा हिचच्या मध्यापासून केबिनपर्यंतचं अंतर ४० इंच आहे. ट्रेलर ८ फूट, म्हणजे ९६ इंच रुंद. निम्मे ४८. काटकोनात वळल्यावर ट्रेलरची बाजू हिचपासून ४८ इंच केबिनकडे येणार, आणि जागा आहे ४०. आठ इंच कमी, काच गेली!

यावर उपाय म्हणजे सरकता हिच. काहींमध्ये ड्रायव्हरने थांबून, खाली उतरून कडी सोडायची आणि मग हिच मागे सरकतो. काही वळताना आपोआप सरकतात. मागे सरकवून चालायचं ते फक्त हळू वळताना. एरवी जागा आसावरचीच. समजा तो १२ इंच सरकला : ४० + १२ = ५२. आता ४ इंच शिल्लक, असं वाटतं.

आठवीच्या मुलांना पायथागोरस इथे द्या. किंगपिन ट्रेलरच्या पुढच्या भिंतीपासून २० इंच मागे असेल, तर ट्रेलरचा कोपरा पिनपासून किती लांब? २० चा वर्ग ४००, ४८ चा वर्ग २३०४, बेरीज २७०४, वर्गमूळ ५२. शिल्लक शून्य! आणि तो कोपरा काटकोन व्हायच्या आधीच, साधारण ६७ अंशांवर, केबिनला टेकतो. म्हणूनच पुष्कळ ट्रेलरचे पुढचे कोपरे गोल किंवा कापलेले असतात.

मग निवड कशी करायची?

अडचण इथे आहे. सरकण्याची यंत्रणा आली की वजन वाढतं. हलका स्थिर हिच भार वाचवतो, पण वळणाला जागा देत नाही. आखूड हौद्याच्या ट्रकला दोन्ही हवं असतं. म्हणून क्रम असा ठेवावा :

१. आधी भार. हिच धरून बेरीज लेबलच्या आत आहे का?
२. मग वळण. कोपऱ्याचं अंतर मोजून स्थिर हिच चालतो का? चालत असेल तर हलका स्थिर हिच उत्तम. तो एकट्याने उचलून काढता येतो आणि हौदा मोकळा होतो.
३. चालत नसेल तर सरकता हिच, आणि त्याचं वजन धरून पहिली बेरीज पुन्हा.
४. हिचवर लिहिलेल्या दोन्ही क्षमता, म्हणजे ट्रेलरचं एकूण वजन आणि पिनवरचा भार, आपल्या आकड्यांपेक्षा जास्त हव्यात.

‘हलका म्हणजे कच्चा ना?’ असं मुलं विचारतातच. ॲल्युमिनियमची घनता २.७ आणि पोलादाची सुमारे ७.८ ग्रॅम प्रति घन सेंमी. हलकेपणा मुख्यतः तिथून येतो. मजबुती मात्र आकारावर आणि मिश्रधातूवरही ठरते, म्हणून अंदाज न करता क्षमतेचा आकडा वाचायचा.

वर्गातली कृती

पुठ्ठा, टाचणी, पट्टी एवढंच लागेल. प्रमाण : १ सेंमी = ४ इंच. २४ सेंमी रुंद पुठ्ठा म्हणजे ट्रेलर. पुढच्या कडेपासून ५ सेंमी मागे, मधोमध टाचणी टोचा. टाचणीपुढे १० सेंमीवर आडवी रेघ काढा, ती केबिन. ट्रेलर फिरवा आणि कोपरा रेघ कुठे ओलांडतो ते बघा. मग रेघ १३ सेंमीवर काढून पुन्हा फिरवा. शेवटी पुठ्ठ्याचे पुढचे कोपरे कापून तिसऱ्यांदा. ५-१२-१३ चं त्रिकूट मुलांच्या हातात येतं.

सरावासाठी प्रश्न

१. वरच्या उदाहरणात हौद्यात ३० किलोची पेटी ठेवली तर १६ किलोचा हिच चालेल का?
२. पिनवर २५ टक्के भार आला तर ट्रेलर जास्तीत जास्त किती किलोचा चालेल? (हिच १६ किलो)
३. ट्रेलर साडेआठ फूट रुंद असेल तर निम्मी रुंदी किती इंच?

मुलांनी ‘कोणता हिच चांगला?’ विचारायच्या आधी ‘ट्रेलर केवढा, हौदा केवढा?’ असं विचारलं, की समजा पाठ पोचला. वर्गात घेऊन बघा आणि मुलांनी काय काय विचारलं ते जरूर कळवा.