पावसाळ्यातील मुंबई : छत्राखालील एक दिवस

मुंबापुरीतील देवस्थानांच्या दर्शनासाठी येणाऱ्या भाविकांची मोठी गर्दी श्रावणमास व गणेशोत्सव या काळात होते, आणि नेमका हाच काळ मुंबईतील पर्जन्याचा असतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होणारा पाऊस ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत राहतो व या चार महिन्यांत शहरावर दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी पडते. साहजिकच दोन-तीन दिवसांच्या मुक्कामात एखादा दिवस अतिवृष्टीचा निघतो. दर्शन राहून जाईल या भावनेने अनेक कुटुंबे त्या दिवशीही वृद्ध मातापित्यांना व लहान मुलांना घेऊन साचलेल्या पाण्यातून बाहेर पडतात. वास्तविक असा दिवस वाया जात नाही. या भूमीतील देवतांची प्राचीन शिल्पे, थोर पुरुषांच्या वास्तू व ज्ञानाची दालने मुंबईत पक्क्या छताखाली उपलब्ध आहेत. त्यांचा परिचय यात्रेकरूंना व्हावा, हा या लेखाचा उद्देश आहे.

पाऊस आणि भरती

मुंबईत केवळ पाऊस किती पडला हे पाहून चालत नाही; भरतीची वेळही पाहावी लागते. शहरातील पर्जन्यजल नाल्यांवाटे समुद्रात व खाड्यांत जाते. समुद्राला मोठी भरती आली की नाल्यांच्या मुखाशी पाण्याची पातळी वर चढते आणि पाणी बाहेर पडू शकत नाही. त्याच वेळी जोराचा पाऊस असल्यास हिंदमाता, शीव, कुर्ला, मिलन सबवे यांसारख्या सखल भागांत पाणी तुंबते. महानगरपालिकेने उदंचन केंद्रे उभारल्यामुळे पाण्याचा निचरा पूर्वीपेक्षा लवकर होतो, तथापि धोका संपलेला नाही. साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस आधीच जाहीर होतात. एका दिवसात साधारणतः दोनदा भरती येते व दररोज तिची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. भरती व ओहोटी यांत सहा तासांचे अंतर असल्याने थोडा धीर धरल्यास पाणी बहुधा ओसरते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या आपत्तीत शेकडो माणसे मृत्युमुखी पडली व असंख्य प्रवाशांनी रात्र वाहनांत, शाळांत व अनोळखी घरांत काढली. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत पाण्याखाली न दिसणाऱ्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून जीवितहानी झाली. म्हणून पाणी साचलेल्या रस्त्यावरून पायी जाण्याचे साहस कोणीही करू नये. देव कोठेही जात नाही. दर्शन दुसऱ्या दिवशीही घडते.

घारापुरीची शिल्पे शहरात

मुंबईस येणाऱ्या भाविकांना घारापुरीच्या शिवलेण्यांची ओढ असते. परंतु पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना गेटवे ऑफ इंडिया येथून सुटणाऱ्या लाँच बंद ठेवण्यात येतात. अशा यात्रेकरूंनी निराश न होता गेटवेपासून जवळच असलेल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडे वळावे. घारापुरीहून आणलेल्या महिषासुरमर्दिनी व ब्रह्मदेव यांच्या सहाव्या शतकातील मूर्ती येथे पाहावयास मिळतात. मूर्ती भंगलेल्या असल्या तरी त्यांतील गती व प्रसन्नता कायम आहे. कर्नाटकातील ऐहोळे येथील मंदिराच्या छतावरील ब्रह्मा, विष्णू व महेश यांची शिल्पेही येथेच आहेत. मंदिरात जी शिल्पे मान उंचावून पाहावी लागत, ती येथे जवळून न्याहाळता येतात.

परळ येथे १९३१ साली रस्त्याचे काम चालू असताना साडेतीन मीटर उंचीची एक अखंड शिवप्रतिमा सापडली. एकातून एक प्रकट होणाऱ्या शिवरूपांची ही प्रतिमा आजही परळच्या बारादेवी मंदिरात आहे. तिची प्रतिकृती या वस्तुसंग्रहालयात असल्याने पावसात परळला जाणे न जमल्यास तिच्या भव्यतेची कल्पना येथे येते.

या वास्तूचा इतिहासही उल्लेखनीय आहे. १९०५ साली तिची कोनशिला बसविण्यात आली व वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार बांधकाम झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिचा उपयोग लष्करी रुग्णालय म्हणून करण्यात आला आणि १० जानेवारी १९२२ रोजी ती वस्तुसंग्रहालय म्हणून खुली झाली. 'प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम' हे तिचे जुने नाव १९९८ साली बदलण्यात आले. सावकाश पाहण्यास किमान तीन तास हाताशी ठेवावेत.

एक गोष्ट आवर्जून सांगणे आवश्यक आहे. देवतेची मूर्ती दिसताच तिच्या चरणांना हात लावणे, फूल किंवा नाणे वाहणे ही भाविकांची स्वाभाविक प्रवृत्ती असते. वस्तुसंग्रहालयात मात्र तसे करू नये. हातांचा ओलावा व तेलकटपणा यांमुळे दगड कालांतराने काळवंडतो. दुरून हात जोडले तरी भाव पोहोचतो आणि मूर्ती पुढील पिढ्यांसाठी सुरक्षित राहते.

भायखळा : जुन्या मुंबईचे दर्शन

भायखळा स्थानकाजवळ वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाच्या आवारात डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. २ मे १८७२ रोजी खुले झालेले हे मुंबईतील सर्वांत जुने संग्रहालय होय. त्याच्या उभारणीत नाना शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी यांचा पुढाकार होता. पेशाने वैद्य असलेल्या भाऊ दाजींनी प्राचीन शिलालेखांच्या वाचनातही मोलाची कामगिरी केली. १९७५ साली संग्रहालयास त्यांचे नाव देण्यात आले. निरनिराळ्या जातिजमातींच्या पेहरावांचे मातीचे नमुने, जुने नकाशे व हस्तकलेच्या वस्तू पाहताना सात बेटांची मुंबई महानगर कशी झाली, याचा उलगडा होतो. नगरातील धनिकांनी दिलेल्या देणग्यांतून उभी राहिलेली ही वास्तू दानधर्माचा एक वेगळा आदर्शही दाखविते.

संग्रहालयालगत मोकळ्या जागेत दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून घारापुरीस 'एलिफंटा' हे नाव दिले, तोच हा हत्ती. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात भंगला. पुढे १९१४ साली त्याचे तुकडे जोडून तो येथे उभा करण्यात आला. पावसाची उघडीप मिळताच तो अवश्य पाहावा.

मणिभवन

ग्रँट रोड स्थानकाच्या परिसरात गावदेवी येथील मणिभवन ही दुमजली वास्तू आहे. १९१७ ते १९३४ या काळात महात्मा गांधी मुंबईत आले की त्यांचा मुक्काम येथे असे. १९१९ चा रौलट कायद्याविरुद्धचा सत्याग्रह येथून संघटित झाला आणि ४ जानेवारी १९३२ रोजी त्यांना येथेच अटक झाली. त्यांची साधी खोली, चरखा व जीवनप्रसंगांची छोटी दृश्ये जपून ठेवली आहेत. ग्रंथालयही आहे. तासाभरात हे सर्व शांतपणे पाहून होते.

मुलांसाठी व सायंकाळसाठी

बरोबर मुले असल्यास वरळी येथील नेहरू विज्ञान केंद्र उत्तम. १९८५ साली सुरू झालेल्या या केंद्रात ध्वनी, प्रकाश, यंत्रे यांविषयीचे प्रयोग मुलांना स्वतःच्या हातांनी करून पाहता येतात. महालक्ष्मी मंदिरापासून ते फार दूर नाही. वरळीतच १९७७ साली उघडलेले नेहरू तारांगण आहे. पावसाळी आकाशात न दिसणारी नक्षत्रे घुमटाखाली पाहण्याचा आनंद मुलांना मिळतो.

पेडर रोड येथे जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली सादर केलेल्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाचा विषय पौराणिकच होता, हे भाविकांनी लक्षात घ्यावे. सायंकाळी मराठी नाटकाची आवड असणाऱ्यांसाठी दादरचे श्री शिवाजी मंदिर व प्रभादेवीचे रवींद्र नाट्यमंदिर ही नाट्यगृहे आहेत. रवींद्र नाट्यमंदिर श्री सिद्धिविनायक मंदिराच्या निकट असल्याने दर्शन व नाटक एकाच फेरीत साधते.

दिवसाची आखणी

एकाच दिवशी सर्व स्थळे पाहण्याचा अट्टहास करू नये. मुक्काम काळबादेवी किंवा फोर्ट भागात असल्यास वस्तुसंग्रहालय, दादर-प्रभादेवी भागात असल्यास विज्ञान केंद्र व सायंकाळी नाटक, असे जवळचे स्थळ निवडावे. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली असून सिद्धिविनायक, महालक्ष्मी, काळबादेवी येथे तिची स्थानके आहेत. रस्त्यावरील खोळंबा तिच्यामुळे टळतो. तरीही २६ मे २०२५ च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले होते. त्यामुळे निघण्यापूर्वी सेवा सुरू असल्याची खात्री करावी.

यात्रेकरूंसाठी सूचना

१. सकाळी हवामान खात्याचा इशारा व भरतीची वेळ पाहावी. 'रेड अलर्ट' असल्यास निवासस्थानीच थांबावे.

२. संग्रहालयांच्या साप्ताहिक सुटीचे वार वेगवेगळे असतात. जिजामाता उद्यान बुधवारी बंद असते, तर तारांगण सोमवारी. वेळ व प्रवेशशुल्क यांची आदल्या दिवशी चौकशी करावी.

३. नारळ, हार, प्रसाद व ओल्या छत्र्या दालनांत नेऊ नयेत. मोठे सामान निवासस्थानी ठेवूनच निघावे.

४. नेहमीची औषधे, सुके कपडे व पिण्याचे पाणी जवळ असावे. मुलांच्या खिशात निवासस्थानाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

५. अतिवृष्टीत मरिन ड्राइव्ह, वरळी व दादर येथील समुद्रकिनाऱ्यांवर लाटा पाहण्यासाठी जाऊ नये.

६. पाण्यात अडकल्यास उंच व पक्क्या इमारतीत आश्रय घ्यावा आणि महानगरपालिकेच्या आपत्कालीन क्रमांकावर, १९१६ वर, संपर्क साधावा.

पूर्वीचे यतिजन पावसाळ्याचे चार महिने प्रवास थांबवून एका ठिकाणी राहत व तो काळ अध्ययनात घालवीत. चातुर्मासाची ही परंपरा मुंबईतील एका पावसाळी दिवसापुरती जरी पाळली, तरी भाविकांची यात्रा सुखरूप होईल व ज्ञानाची शिदोरी घेऊन ते स्वगृही परततील.