अंधार राखणारे उद्यान

राष्ट्रीय उद्यान म्हटले की झाडे आणि वन्यप्राण्यांचे रक्षण आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु अंधाराचे रक्षण करणारी उद्यानेही जगात आहेत. अमेरिकेच्या युटा राज्यातील ब्राइस कॅन्यन हे त्यांपैकी एक. १९२८ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१९ साली त्याला ‘आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क’ हा दर्जा मिळाला. तेथे हिवाळ्यात पुरेसा बर्फ पडला, की उद्यानाचे रेंजर पाहुण्यांना बर्फावर चालायला नेतात. रात्री आकाशदर्शनाचे कार्यक्रमही होतात. या सहलींतून विज्ञानाचे चार धडे शिकता येतात.

पाय रुतत का नाही?

भुसभुशीत बर्फात साधा बूट गुडघ्यापर्यंत रुततो. म्हणून बुटाखाली ‘स्नोशू’ नावाची रुंद चौकट बांधतात. समजा, एका मुलाचे वजन ४८ किलो आहे. चालताना एका पायावर सारा भार येतो. बुटाचा तळ २०० चौरस सेंटिमीटर असेल, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २४० ग्रॅम भार पडेल. स्नोशूचा तळ १२०० चौरस सेंटिमीटर असेल, तर हाच भार ४० ग्रॅम होईल. वजन तेच, पण क्षेत्रफळ सहापट झाल्याने दाब एक षष्ठांश झाला. वाळूत उंटाचे पसरट पाऊल रुतत नाही, त्याचेही कारण हेच.

पौर्णिमा आणि अमावास्या

पौर्णिमेच्या रात्री रेंजरबरोबर चालणारे लोक टॉर्च वापरत नाहीत. पांढरा बर्फ चांदणे परावर्तित करतो आणि वाट स्पष्ट दिसते. मात्र त्या उजेडात मंद तारे लोपतात. तारे पाहायचे तर अमावास्येच्या आसपासची रात्र हवी. दरीची कड सुमारे २४०० ते २७०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा विरळ व कोरडी, शिवाय जवळपास मोठे शहर नाही. त्यामुळे आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

डोळ्यांनाही वेळ द्या

उजेडातून अंधारात गेल्यावर आपल्याला प्रथम काहीच दिसत नाही. मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी पूर्ण सज्ज व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. मोबाइलचा पडदा क्षणभर उजळला तरी ही तयारी वाया जाते. मंद तांबड्या प्रकाशाचा दंडपेशींवर फार कमी परिणाम होतो, म्हणून आकाशदर्शनाला तांबडा दिवा वापरतात.

आकाश आपलेही आहे

ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, तितके त्या जागेचे अक्षांश असतात. ब्राइस कॅन्यनमध्ये तो सुमारे साडेसदतीस अंशांवर, तर आपल्या इंदूरला पावणेतेवीस अंशांवर दिसतो. उलट, व्याधाखालोखाल सर्वांत तेजस्वी असलेला अगस्त्य तेथे क्षितिजाच्या वर जवळजवळ येतच नाही. आपल्याकडे मात्र तो दक्षिणेला चांगला वर येतो. म्हणजे ताऱ्यांच्या बाबतीत आपण गरीब नाही. आपल्याजवळ उणीव आहे ती अंधाराची.

रस्त्यावरील दिव्यांचा, जाहिरात फलकांचा जो प्रकाश वर जातो, तो हवेतील धूळ व बाष्पामुळे विखुरतो आणि आकाश फिकट होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक नकाशानुसार सुमारे एक तृतीयांश मानवजातीला राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही. आपली बहुतेक मुले त्यांतच मोडतात. मृग, रोहिणी, कृत्तिका ही नावे पंचांगात आहेत, पण ओळखणारे डोळे कमी होत चालले आहेत.

नदी स्वच्छ करायला वर्षे लागतात, प्रकाशाचे प्रदूषण मात्र दिवा झाकताच त्या क्षणी कमी होते. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिला डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी परिसरातील गावांत खाली प्रकाश टाकणारे दिवे बसवण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत, फक्त उजेड जमिनीवर आला. आपल्या शाळेच्या आवारातही पुढचे दिवे बसवताना वरून झाकलेले, पिवळसर प्रकाशाचे दिवे निवडावेत, ही विश्वस्तांना विनंती. पालकांनी गच्चीवरचा दिवा तासभर मालवून मुलांबरोबर बसावे.

करून पाहा

१. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंश व्यापते. उत्तरेला क्षितिजापासून सव्वादोन मुठी मोजून ध्रुवतारा शोधा.

२. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे मृग आणि व्याध पाहा. व्याधाच्या खाली, क्षितिजापासून दीड मूठ उंचीवर अगस्त्य दिसतो का?

३. मृगाच्या चार पायांच्या चौकोनात किती तारे दिसतात ते घराच्या गच्चीवरून मोजा. सुट्टीत गावी गेल्यावर पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहा आणि फरकाचे कारण वर्गात सांगा.