टायमिंग बेल्ट : आतां बदलावा कीं पुढें ढकलावा?

घरची मोटार सर्व्हिसिंगला दिली म्हणजे गॅरेजकडून कामांची एक यादी येते. तेल, फिल्टर, ब्रेक यांबद्दल सहसा कोणी हरकत घेत नाहीं. परंतु त्याच यादींत 'टायमिंग बेल्ट बदलणें' असें लिहिलेलें असलें कीं घरांत वाद सुरू होतो. गाडी सुरळीत चालली आहे, आवाज नाहीं, धूर नाहीं. मग हजारों रुपये कशाकरितां खर्चावे? प्रश्न वाजवी आहे. त्याचें उत्तर काढण्यास एंजिनाची थोडी ओळख आणि शाळेंतील अंकगणित एवढी सामग्री पुरते.

हा पट्टा करतो काय, तें प्रथम पाहूं. एंजिनांत दट्ट्या वरखालीं होतो आणि त्याच्या योगानें क्रँकशाफ्ट नांवाचा दांडा फिरतो. हवा आंत घेणें, ती दाबणें, इंधन पेटून दट्ट्या खालीं लोटला जाणें आणि जळका वायु बाहेर टाकणें, या चार क्रिया दट्ट्याच्या चार खेपांत घडतात; तेवढ्या वेळांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. हवा घेणारी व धूर सोडणारी झडप मात्र या अवधींत एकेकदांच उघडावयाची असते. म्हणून झडपा उघडणारा जो कॅमशाफ्ट, तो क्रँकशाफ्टच्या बरोबर निम्म्या वेगानें फिरला पाहिजे. क्रँकशाफ्टच्या चाकाला २० दांते असतील तर कॅमशाफ्टच्या चाकाला ४० असावे लागतात. या दोन चाकांना जोडणारा रबरी दातेरी पट्टा म्हणजेच टायमिंग बेल्ट होय.

पूर्वीं हें काम सांखळी किंवा दंतचक्रें करीत. मोठ्या संख्येनें बनलेल्या गाड्यांत दातेरी पट्टा प्रथम आला तो जर्मनींतील ग्लास कंपनीच्या १००४ या गाडींत, १९६२ सालीं. पट्टा हलका, स्वस्त आणि कमी आवाजाचा असल्यामुळें त्याचा प्रसार लवकर झाला. आपल्याकडील अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी यांत सांखळी होती. १९८३ सालीं आलेल्या मारुति ८०० मध्यें पट्टा होता, आणि पुण्याच्या टाटा इंडिकाच्या डिझेल एंजिनांतहि पट्टाच होता. आज पुष्कळ गाड्यांत सांखळी पुन्हां परतली आहे, व ती बहुधा एंजिनाइतकी टिकावी अशा बेतानें बसविलेली असते. तेव्हां आपल्या गाडींत पट्टा आहे कीं सांखळी, हें आधीं गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत पाहावें. ती पुस्तिका उघडण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात!

पट्टा असेल तर पुढचा प्रश्न असा कीं, तो तुटल्यास काय होईल? याचें उत्तर एंजिनाच्या घडणीवर अवलंबून आहे. कांहीं एंजिनांत दट्ट्या अगदीं वर आला तरी उघडी झडप व तो यांमध्यें अंतर राहतें. तेथें पट्टा तुटला तर एंजिन बंद पडतें, एवढेंच. परंतु आजच्या पुष्कळ एंजिनांत, विशेषतः डिझेलच्या, ही जागा इतकी थोडी असते कीं, दट्ट्या आणि झडप एकाच जागेंत आळीपाळीनें येजा करतात. पट्टा तुटतांच कॅमशाफ्ट थांबतो आणि त्या क्षणीं उघडी असलेली झडप उघडीच राहते. क्रँकशाफ्ट मात्र धांवत्या गाडीच्या जोरानें फिरत राहतो. दट्ट्या झडपांवर आदळतो, झडपा वाकतात, आणि एंजिन उघडल्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. हें खंडाळ्याच्या घाटांत उतरतांना घडलें तर आणखी धोका. एंजिनाच्या मदतीनें हलके होणारे ब्रेक एकदोनदां दाबल्यावर दगडासारखे घट्ट होतात.

कित्येकदां मिस्त्री झांकण काढून पट्टा पाहतो आणि म्हणतो, "साहेब, अजून एक वर्ष सहज जाईल." पट्ट्यावर भेगा, सुटलेले धागे किंवा तेलाचे डाग दिसले तर तो तत्काळ बदलावा, यांत शंका नाहीं. पण भेगा नाहींत म्हणून पट्टा चांगला, असें उलट अनुमान काढतां येत नाहीं. पट्ट्याचें बळ रबराच्या आंत दडलेल्या कांचतंतूंच्या दोऱ्यांत असतें. ते थकले आहेत कीं नाहींत हें बाहेरून दिसत नाहीं, आणि तुटण्यापूर्वीं पट्टा बहुधा आवाजहि करीत नाहीं.

म्हणूनच निर्माते अंतर व वर्षें अशा दोन मर्यादा घालतात, आणि जी आधीं येईल ती पाळावयाची असते. अंतराची मर्यादा गाडीगणिक निराळी, साधारणतः ६०,००० पासून १,६०,००० किलोमीटरपर्यंत असते. ६०,००० किलोमीटर म्हणजे काय याचा हिशेब करा. ताशीं सरासरी ३० किलोमीटर वेग धरला तर २,००० तास होतात. मिनिटाला २,००० फेरे धरले तर त्या अवधींत क्रँकशाफ्टचे २४ कोटि फेरे होतात! शिवाय मुंबईच्या वाहतुकींत गाडी उभी असली तरी एंजिन मिनिटाला सुमारें ८०० फेरे घेतच असतें. अंतराचा आंकडा तेव्हां हलत नाहीं, पट्टा मात्र झिजतो. उलट, जी गाडी फारशी बाहेर निघतच नाहीं तिचें रबरहि उष्णतेनें व वयानें कठीण होतें. आजोबांची गाडी आठ वर्षांत २५,००० किलोमीटरच चालली, म्हणून तिचा पट्टा नवा ठरत नाहीं.

आतां खर्चाकडे वळूं. समजा, पट्टा ५ वर्षांनीं बदलावयाचा आहे, त्याला ८,००० रुपये पडतात, आणि तो तुटल्यास एंजिनाच्या दुरुस्तीला ६०,००० रुपये लागतात. (आंकडे उदाहरणापुरते आहेत, आपल्या गाडीचे गॅरेजमध्यें विचारावेत.) काम एक वर्ष लांबविलें तर ८,००० रुपये वांचले असें वाटतें. वस्तुतः ते पुढच्या वर्षीं द्यावेच लागतात. वांचतो तो फार तर एका वर्षाचा हिस्सा, म्हणजे १,६०० रुपये. अशा ३७ मालकांनीं मिळून वांचविले ५९,२००, आणि त्यांतील एकाचाच पट्टा तुटला तर गेले ६०,०००. घाटांतला धोका या हिशेबांत धरलेलाच नाहीं.

जी गाडी दोनचार महिन्यांत मोडींत काढावयाची आहे, तिच्या मालकाचा हिशेब निराळा. त्याचे खरोखर सगळे ८,००० वांचतात, आणि त्यानें धोका ओळखून हळू चालविल्यास मी त्याला दोष देणार नाहीं. याच्या उलट जुनी गाडी विकत घेतली आणि पट्टा केव्हां बदलला याची नोंद मिळाली नाहीं, तर तो बदललेलाच नाहीं असें समजून चालावें.

काम करवून घ्यावयाचें ठरलें तर तें अर्धवट करवूं नये. पट्टा ताणून धरणारा टेन्शनर, त्याच्या मार्गांतील बेअरिंगें, आणि पुष्कळ गाड्यांत याच पट्ट्यावर फिरणारा वॉटर पंप, हीं सर्व तेव्हांच पाहावींत. खर्चाचा मोठा भाग उघडण्याजोडण्याच्या मजुरीचा असतो, आणि जुना टेन्शनर अडकला तर नवा पट्टाहि जातो. जुना पट्टा मागून घ्यावा, व तारीख आणि किलोमीटर पुस्तिकेंत लिहून ठेवावे. मिस्त्री परवानगी देईल तर मुलांनीं शेवटची तपासणी अवश्य पाहावी. पट्टा बसविल्यावर तो एंजिन एकदम सुरू करीत नाहीं. पान्यानें क्रँकशाफ्ट हातानें फिरवितो आणि दोन्ही चाकांवरील खुणा पुन्हां जुळतात कीं नाहीं हें पाहतो. त्यासाठीं तो एक नव्हे, पुरे दोन फेरे देतो. कां, तें वर आलेंच आहे.