एका ‘स्पायसी’वर भागवू नका

परदेशी सहकारी डब्यात डोकावतो आणि विचारतो, ‘इज इट स्पायसी?’ आपण ‘येस, व्हेरी स्पायसी’ म्हणून मोकळे होतो. बोलणं तिथेच संपतं. खरं तर इंग्रजीची भीड मोडायला याहून सोयीचा विषय मिळणार नाही. चमचमीत, झणझणीत, जहाल, तिखटजाळ यांतला फरक आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतो. सांगण्यासारखं पुष्कळ असतं, गाडी अडते ती चार वाक्यांपाशी. ती वाक्यं जमवायची कशी, त्याची ही टिपणं.

काय करावे

• तिखट आणि मसालेदार वेगवेगळं सांगा. गोडा मसाला घातलेल्या आमटीत धणे, खोबरं, दगडफूल सगळं असतं, पण जीभ पोळत नाही. नुसतं ‘स्पायसी’ म्हटलं की समोरचा बहुधा मिरचीच समजतो आणि हात आखडता घेतो. त्याला सांगा: ‘इट्स फुल ऑफ स्पायसेस, बट इट्स नॉट हॉट.’

• किती तिखट, तेही सांगा. माइल्ड, मीडियम, हॉट या पहिल्या तीन पायऱ्या. ब्रिटनमधल्या करी हाउसांत कोर्मा सौम्य, मद्रास तिखट आणि विंदालू त्याहून जहाल, अशी चढती भाजणी असते. या शब्दांच्या आधी ‘अ बिट’, ‘क्वाइट’, ‘रिअली’, ‘फार टू’ लावायला शिका. मात्र एखादा इंग्रज पाहुणा कपाळावरचा घाम पुसत ‘इट्स अ बिट हॉट’ म्हणाला, तर त्यातलं ‘अ बिट’ फार मनावर घेऊ नका. त्याच्यापुढे दही सरकवा.

• तिखट कधी लागतं, ते सांगा. लवंगी मिरची दाताखाली येताच हिसका दाखवते: ‘इट हिट्स यू स्ट्रेट अवे.’ मिसळीचा कट पहिल्या दोन घासांना गरीब वाटतो आणि मग डोकं वर काढतो: ‘इट क्रीप्स अप ऑन यू.’ तिखटपणा हवाहवासा असेल तर ‘इट्स गॉट अ नाइस किक’.

• जे होतंय ते होत असतानाच बोला. ‘माय माउथ इज बर्निंग’, ‘माय आइज आर वॉटरिंग’, ‘माय नोज इज रनिंग’. तोंड भाजतंय, डोळ्यांत पाणी आलंय, नाक वाहतंय, तेव्हाच ही वाक्यं म्हटली की चालू वर्तमानकाळ व्याकरणाच्या पुस्तकाशिवाय पक्का होतो. घास चुकीच्या वाटेने जाऊन ठसका लागला, तर पाणी पिऊन झाल्यावर: ‘इट वेंट डाउन द राँग वे.’

• हॉटेलात नेमकं मागा. ‘लेस स्पायसी’ हे दोन शब्द समोर टाकल्याने काम होतं, पण भाषा वाढत नाही. पूर्ण वाक्य बोला: ‘कुड यू मेक इट अ लिटल लेस हॉट, प्लीज?’ चटणी वेगळी हवी असेल तर ‘कुड आय हॅव द सॉस ऑन द साइड?’ घरच्यासारख्या ठिकाणी ‘गो ईझी ऑन द चिलीज’ही चालतं.

• उपाय कारणासकट सांगा. ‘हॅव सम मिल्क, वॉटर वोन्ट हेल्प.’ का, असं विचारलं की ‘बिकॉज’ लावून पुढे जा. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, दुधातलं केसीन हे प्रथिन ते जिभेवरून सोडवून नेतं. दह्याला मात्र तिकडे ‘योगर्ट’ म्हणा. ‘कर्ड’ ऐकून इंग्रज माणसाला लिंबाचा गोड ‘लेमन कर्ड’ आठवायचा.

• आपल्याकडची माहिती पुढे करा. विंदालूचा विषय निघाला की गोव्यात जा. लसूण आणि वाइनमध्ये मुरवलेल्या मांसाचा एक पोर्तुगीज प्रकार गोव्यात आला आणि इथल्या व्हिनिगरने, मिरचीने त्याचा विंदालू झाला. त्यातल्या ‘आलू’चा बटाट्याशी संबंध नाही, तो शब्द लसणाच्या पोर्तुगीज नावातून आलेला आहे. ‘इन गोवा, इट्स मोअर अबाउट व्हिनिगर अँड गार्लिक दॅन हीट’ एवढं बोललात की पुढचे प्रश्न समोरचाच विचारेल.

काय टाळावे

• मराठीतला ‘मला’ इंग्रजीत ओढू नका. ‘मला फार तिखट लागलं’चं ‘आय ॲम व्हेरी स्पायसी’ केलं, तर तिखट आपण ठरतो, भाजी नव्हे. ‘इट्स टू हॉट फॉर मी’ किंवा ‘आय फाइंड इट टू हॉट’ म्हणा. तिखट मानवतच नसेल तर ‘स्पायसी फूड डझन्ट अग्री विथ मी’.

• ‘हॉट’ एकटा सोडू नका. वाफाळत्या रश्श्याला ‘हॉट’ म्हटलं तर तो गरम की तिखट, हे कळायचं कसं? ‘डू यू मीन स्पायसी हॉट?’ असं विचारून घ्या. शरीराचाही इथे असाच गोंधळ होतो. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखणारे मज्जातंतूंवरचे ग्राहक कॅप्सेसिननेही जागे होतात. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

• अमेरिकेत ‘चिली पावडर’ डोळे मिटून घेऊ नका. तिथे त्या नावाच्या डबीत बहुधा मिरचीसोबत जिरं, लसूण, ओरेगानो घातलेलं मिश्रण असतं. आपलं साधं लाल तिखट हवं असेल तर ‘केयेन’ किंवा ‘ग्राउंड रेड पेपर’ मागा.

• नुसतं ‘पेपर’ म्हणू नका. काळी मिरी ‘ब्लॅक पेपर’. ढोबळी मिरची ब्रिटनमध्ये ‘पेपर’, अमेरिकेत ‘बेल पेपर’. ‘कॅप्सिकम’ भारतात आणि ऑस्ट्रेलियात चालतं. हिरवी मिरची ‘ग्रीन चिली’. ‘आय ॲम चिली’चा मात्र मिरचीशी संबंध नाही, थंडी वाजली की म्हणायचं ते.

• म्हणी शब्दशः उतरवू नका. कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, हे इंग्रजीत सांगताना नाक आणि मिरच्या दोन्ही सोडा: ‘दॅट टच्ड अ नर्व्ह.’ तिखटमीठ लावून सांगितलेली गोष्ट मात्र सहज पलीकडे जाते: ‘ही स्पाइस्ड अप द स्टोरी.’

• मर्दुमकी गाजवू नका. ‘यू कान्ट ईट दिस’ हे आव्हान वाटतं आणि पाहुणा एक तर हट्टाला पेटतो, नाही तर गप्प बसतो. ‘जस्ट टू वॉर्न यू, इट्स क्वाइट हॉट’ म्हणा. लगेच विचाराही: ‘हाउ हॉट डू यू लाइक इट?’ उत्तर ऐकताना जी वाक्यं कानावर पडतील, ती पुढच्या जेवणाला तुमची.

• शब्दांच्या याद्या पाठ करू नका. त्याऐवजी ताटात लोणचं वाढलं की तीन वाक्यं मोठ्याने बोला: किती तिखट, कधी लागतं, कशाशी खायचं. लिंबाच्या आणि कैरीच्या लोणच्याला तीच तीन वाक्यं लागू पडली, तर शब्द कमी पडताहेत असं समजा आणि चौथं वाक्य शोधा.